सावळे साहेब आणि गल्लीची विहीर

सावळे साहेब रस्त्याच्या कोणत्या कडेनं चाललेत, यावरून आमच्या गावाला कळायचं की आज कोर्टात माझी केस आहे की नाही. नसली तर ते माझ्याबरोबर गप्पा मारत चालत. असली, की छत्री आडवी धरून पलीकडच्या कडेनं जात, जसा काही मला गोवर निघालाय. हॉटेलवाला ओरडायचा, "वकीलसाहेब, आज केस हाय वाटतं तुमची!"

ते तालुक्याच्या कोर्टाचे मुन्सफ, म्हणजे न्यायाधीश, मी नवशिका वकील, आणि आमचा भिंतीला भिंत लागून शेजार. त्यांच्या बायकोला, आमच्या वहिनींना, बिचाऱ्यांना हळदीकुंकवालाही जाता यायचं नाही. "ज्याच्या घरी लाडू खाल्ला, तोच उद्या दावा घेऊन आला तर?" हे साहेबांचं ठरलेलं वाक्य. एकदा सोसायटीचे चेअरमन सोनारीच्या भैरवनाथाचा प्रसाद घेऊन आले. प्रसादाला नाही कसं म्हणणार? साहेबांनी पुडीला हात जोडले. म्हणाले, "देवाला नमस्कार पोचला. पुडी घेऊन जा." त्यावर वहिनी दोन दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत.

मग दुष्काळ पडला. गल्लीच्या टोकाला गावकीची विहीर होती, आमची सगळ्यांची तहान तिच्यावर. चेअरमननी तिच्यावर इंजिन बसवलं आणि पाणी आपल्या उसाला वळवलं. सकाळपर्यंत तळाशी नुसता गाळ राही. गल्लीनं माझ्यामार्फत दावा लावला, की निकाल लागेपर्यंत तरी इंजिन बंद ठेवावं.

गल्ली खुशीत होती. साहेबही त्याच विहिरीचं पाणी पितात, मग भीती कसली? बायका साहेबांच्या घरची घागर उचलून रांगेत पुढं ठेवू लागल्या. साहेब स्वतः येऊन ती मागं नेत, की परत कुणीतरी पुढं सरकवी. खरं सांगतो, मीसुद्धा मिशीला पीळ देऊन होतो.

तारखेला कोर्ट खच्चून भरलं. साहेबांनी दावा वाचला, चष्मा काढला आणि म्हणाले, "या विहिरीचं पाणी माझ्या घरात येतं. हा दावा माझ्यापुढं चालणार नाही. दुसऱ्या कोर्टाकडं पाठवावा म्हणून मी जिल्हा न्यायाधीशांना लिहितोय."

समोरच्या वकिलानं हरकतसुद्धा घेतली नव्हती! मिशीवरचा माझा हात खाली आला.

आता दुसऱ्या कोर्टाची तारीख मिळेपर्यंत बायकांना नदीच्या वाळूत झिरे उकरून पाणी भरायला जावं लागणार होतं. आमच्या गल्लीची तोफ म्हणजे रखमाआत्या. साहेब घरी येताच तिनं त्यांना दारातच गाठलं.

"सायेब, तुमचं इमान ऱ्हायलं, आमची घागर रिकामी ऱ्हायली."

"खरंय, आत्या," साहेब म्हणाले. दुसऱ्या दिवसापासून तेही वहिनींबरोबर पहाटे झिऱ्यावर जाऊ लागले. खांद्यावरची घागर हिंदकळून त्यांचा सदरा रोज भिजायचा, आणि बायका पदराआड हसायच्या. पण वहिनींचे सुजलेले पाय मी पाहत होतो. मला त्या माणसाचा रागही येत होता आणि अभिमानही वाटत होता.

दुसऱ्या कोर्टानं इंजिन बंद करायचा हुकूम दिला. चेअरमन अपिलात जाणार, असं सगळे धरून चालले होते. मी बाजारात त्यांना विचारलंच.

"कशाला जाऊ?" ते करवादले. "सावळ्यानं दिला असता, तर म्हणलो असतो, सोताच्या घागरीपायी दिला. आता काय म्हणू? त्या सायबानं तर इहीर बघितलीबी न्हाय." आणि त्याच दिवशी त्यांनी इंजिन उचललं.

पुढच्या वर्षी साहेबांची बदली झाली. निरोपाला सगळी गल्ली लोटली, रखमाआत्या तर हमसून हमसून रडली. गर्दी पांगतेय तोच कोर्टाचा शिपाई नव्या साहेबांसाठी घर शोधत आला. सावळे साहेबांचं घर आता रिकामंच होतं, किल्ली माझ्याकडं दिलेली. मी ती आणायला उठलो, तर आत्या डोळे पुसत आडवी आली.

"ह्या गल्लीत नगं, वकीलसायेब. त्येंला लांब कुठंतरी घर बघा. उंद्या आमची केस निघाली, तर मग न्याय कुणाकडं मागायचा?"