न पडलेली धार

कमलनगरच्या पुढे, उदगीर रस्त्याला प्लायवूडचा एक कारखाना आहे. ठाणाकुशनूरच्या आम्ही काही बायका रोज जीपमध्ये कोंबून घेऊन तिथे जातो. मी व्हिनिअरचे, म्हणजे लाकडाचे पातळ पत्रे उचलून एकावर एक रचते. बाणूबाई सरसाच्या मशीनवर. लोक विचारतात, उभं राहून नळीकडे बघायचं, त्यात काय मोठं काम? अशा लोकांना मी एक दिवस उभं राहून दाखवा म्हणते.

आमच्याकडे सरस रुळाने फासत नाहीत. त्यात मैदा घालून, हवा भरून टाकीत घोटतात, मग त्याचा दाट फेस होतो. तो फेस एका आडव्या नळीत येतो. नळीला खालून ओळीने बारीक भोकं आहेत. खाली व्हिनिअर सरकत जातं आणि त्यावर फेसाच्या धारा पडतात, शेवया घातल्यासारख्या. वर दुसरा पत्रा ठेवून दाबला की धारा पसरतात आणि एकमेकींना मिळतात. पण एखाद्या भोकात सरस वाळून बसला, तर तिथली धार पडत नाही. तेवढी पट्टी कोरडी राहते आणि गरम प्रेसमधून माल निघाला की नेमका तिथेच फुगतो. म्हणून धारांवर नजर ठेवायला एक माणूस लागतं. धार तुटली की त्यानं मशीन थांबवायचं, तारेनं भोक मोकळं करायचं, ओल्या फडक्यानं नळी पुसायची आणि परत सुरू करायचं.

बाणूबाईच्या नजरेतून धार सुटत नसे. तोंड आमच्याकडे, गप्पा सुरू, कुणाच्या सुनेची नक्कल चाललेली, आणि हात मात्र वेळेवर बटणावर. मशीनच्या आवाजावर आवाज काढून बोलायची. कधीकधी मला वाटायचं, ही एक दिवस गप्प बसली तर किती बरं होईल.

मग ती गप्प बसली. तिचा नवरा माणिकप्पा संध्याकाळी जेवून झोपला तो सकाळी उठलाच नाही. आजार नाही, दुखणं नाही. त्यांना मूलबाळ नव्हतं, घरात दोघंच. धनगराचं घर, पण मेंढरं कधीच विकलेली. माणिकप्पा मिळेल त्या मजुरीला जायचा. बायको कारखान्यातून यायच्या वेळी चुलीवर पाणी तापवून ठेवायचा, तिच्या हातांचा सरस निघावा म्हणून. गल्लीतले लोक त्याला हसायचे. तो पाणी तापवायचाच.

त्यांच्यात अशा वेळी येणारी प्रत्येक बाई गळ्यात पडून मोठ्यानं रडते आणि घरच्या बाईनंही तिच्याबरोबर रडायचं असतं. आमच्या बौद्धांत वंदना म्हणून शांत बसतात, त्यामुळे मी आपली कडेला बसले होते. बायका येत होत्या, बाणूबाईच्या गळ्यात पडत होत्या, हुंदके देत होत्या, आणि ती त्यांच्या पाठीवर हात फिरवत होती. जणू माणूस त्यांचंच गेलं होतं. बाहेर पडल्यावर त्यातल्याच दोघी कुजबुजल्या, नवऱ्याशी हिचं पटत नसेल. मला इतका राग आला की त्या चपला घालेपर्यंतही मी थांबले नाही, तशीच पुढे निघून आले.

सुतकाचे दिवस पुरे व्हायच्या आत ती कामावर आली. शेडमध्ये सरसाच्या वासानं सगळ्यांचे डोळे चुरचुरतात, माझे तर अजून गळतात. तिचे कोरडे होते. कुणी डबा उघडून दिला तर खायची, नाही दिला तर तशीच बसायची. जीपमध्ये एकदाच मला म्हणाली की घरात बसवत नाही, तेवढं मशीन हातातून जाऊ नये. सुपरवायझर सोमशेखर वाईट माणूस नाही, पण वर उत्तर त्याला द्यावं लागतं. त्यानं सांगून ठेवलं होतं की तिचं लक्ष लागत नसेल तर त्या जागी आमच्यातलीच श्रीदेवी उभी राहील, आणि अक्कानं थोडे दिवस घरी आराम करावा. आराम हा शब्द ऐकून बाणूबाई खाली बघत राहिली.

आणि एका दुपारी प्रेसमधून माल निघाला तो फुगलेला. प्रत्येक फळीवर त्याच जागी, या टोकापासून त्या टोकापर्यंत. सोमशेखर बोटानं वाजवत गेला. सगळ्या फळ्या त्या एकाच पट्टीत पोकळ वाजत होत्या.

मी घाईघाईनं म्हणाले की मघाशी वीज गेली-आली, त्यात झालं असेल. वीज गेलीच नव्हती. सोमशेखरला ते ठाऊक होतं, तरी तो मान हलवणार होता, मला दिसलं. तेवढ्यात बाणूबाईच बोलली.

"न्हाई अण्णा. मला दिसलं की. मदली एक धार पडंना."

"मग मशीन कामून थांबवलं न्हाई?"

"बगत हुबारले. म्हनलं, बाजूच्या हायत्या की. दाबल्यावर सरकतील, भरून काडतील."

"भरत न्हाई अक्का ते. तुमाला ठावं न्हाई व्हय?"

"ठावं हाय," ती म्हणाली. "तरी बी बगितलं."

सोमशेखरनं हातातली फळी खाली ठेवली. रागावला असता तर मला बरं वाटलं असतं. त्यानं मानेनं श्रीदेवीला बोलावलं. बाणूबाईनं तार तिच्या हातात दिली, भोकं कुठून साफ करायची ते बोटानं दाखवलं, आणि बाजूला झाली. मला वाटलं आता पिशवी घेईल आणि फाटकाकडे जाईल. ती माझ्यासमोर आली आणि माझ्या हातातल्या पत्र्याचं दुसरं टोक तिनं धरलं. सोमशेखरनं पाहिलं. तो ऑफिसात निघून गेला, तिला घरी जा म्हणाला नाही.

आम्ही पत्रे रचत राहिलो.

मग पत्र्याकडे बघतच तिनं विचारलं, "शोभा, आज तुज्याकडं झोपाय येऊ का?"

इतकी वर्षं आम्ही एका जीपनं येतो-जातो. या काळात ती आमच्या गल्लीत आली ती ओट्यापर्यंत, आणि चहासुद्धा तिनं उभ्यानंच घेतला. मीही कधी आत ये म्हणाले नव्हते.

"ये," मी म्हणाले. "भाकरी करून नको येऊस, माझ्याकडेच जेव."