ठोक्याची नात

गॅरेजात गाड्यांचे चेपलेले पत्रे ठोकून सरळ करायचा, म्हणून सगळे त्याला ठोक्या म्हणत. घरी आल्यावर बायकोला आणि लेकीलाही ठोकायचा, हेही सगळ्यांना ठाऊक होतं. पण तोंडावर बोलणार कोण? बायको गेली. लेकीने कित्येक वर्षं त्याचं तोंड पाहिलं नाही. म्हातारपणी एकट्याला घास गिळवेना, तेव्हा कुठे स्वारीचे डोळे उघडले.

आणि लेकीचं मन तरी बघा. रोज संध्याकाळी ती नातीला वस्तीमागच्या मुलांच्या बागेत त्याच्याकडे सोडायला लागली. अट एकच. "बाबा, एकदा जरी तिच्यावर हात उचललात, तर तिचं नखही दृष्टीस पडणार नाही तुमच्या."

बागेत पोरांनी वाफे वाटून घेतले होते. नातीच्या वाफ्यात वांगी आणि कडेने झेंडू. ठोक्या पोरांना खुरपायला शिकवी, कुणी रोप मोडलं तरी ओरडत नसे. नात त्याच्या राकट तळव्यावर गोगलगाय ठेवून हसत बसायची, आणि गोगलगाय खाली उतरेपर्यंत म्हातारा जागचा हलायचा नाही.

त्या दिवशी शेजारच्या भंगारवाल्याने टेम्पो मागे घेताना कुंपण मोडलं आणि थेट वाफ्यांवर घातला. वांगी चाकाखाली फुटली. वर टेम्पोतून उतरून म्हणतो कसा, "पालाच तर आहे, परत उगवेल." पोरांचं डोकंच फिरलं. एकाने पाठीत काठी घातली, दुसऱ्याने वीट फेकली. तो पडला तशी सगळी त्याच्यावर तुटून पडली. कपाळ फुटलं, दात पडला, तरी हात थांबेनात. नात त्याच्या छातीवर बसून खुरप्याने मारत होती. एक घाव खांद्यात, एक गालावर. मग तिने नेम डोळ्यावर धरला.

ठोक्या धावला. खुरपं धरायचं, एवढंच काम होतं. पण जित्याची खोड! हात खुरप्याकडे गेलाच नाही, फाडकन तिच्या तोंडात बसला. पोरगी विटांवर जाऊन आपटली, ओठ फाटला. सगळी पोरं मागे सरली. भंगारवाला रांगत टेम्पोत चढला आणि पळाला.

ठोक्याला स्वतःच्या हाताची किळस आली. तो झारीतल्या पाण्याने तिचं रक्त धूत होता, तेवढ्यात लेक आली.

"काय झालं तोंडाला?"

"पडले," नात पटकन म्हणाली. आजोबांचा हात तिने घट्ट धरला होता.

लहानपणी शाळेत बाईंनी विचारलं की लेकही हेच सांगायची, असंच पटकन. तिने बापाकडे पाहिलं.

नुसता गप्प राहिला असता तर कदाचित निभावलं असतं. नात उद्याही आली असती. त्याने नातीची बोटं सोडवली.

"पडली नाही ती. मी मारलं. घेऊन जा तिला."

लेकीने पोरीला उचललं. फाटकाबाहेर जाईपर्यंत पोर रडत सांगत होती, "खोटं बोलतात ते, आई. मी पडले, खरंच पडले."