लाल विटांची भिंत आणि आप्पा

आप्पा कुठंही गेले की आधी हद्द बघत. लग्नाच्या पंगतीत शेजारच्याची पत्रावळ बोटभर सरकली तरी ते बसल्या जागेवरून गरजत, "पाव्हणं, अतिक्रमण करू नका!" एकदा आम्ही त्यांना देवगिरीचा किल्ला दाखवायला नेलं. डोळे बारीक करून ते बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "मजबूत हाय. पण रस्त्यात हातभर पुढं आलाय." तेव्हापासून मलाही तो किल्ला जरा पुढं आल्यासारखाच दिसतो.

आप्पा म्हणजे माझ्या आईचे काका. त्यांचं गाव पैठणच्या वरच्या अंगाला, गोदाकाठी. जायकवाडीचं धरण झालं आणि गाव पाण्याखाली गेलं. वर माळावर नवं गाव वसलं, सगळे तिकडं गेले. आप्पा मात्र औरंगाबादला आमच्या गारखेड्याच्या घरी आले, कारण नव्या गावात आण्णा होते. आण्णा म्हणजे आप्पांची भावकी आणि भिंतीला भिंत लावून राहणारे शेजारी. दोघांच्या घरांमधली ती भिंत कुणाच्या जागेत आहे, यावरून कोर्टात दावा चालला होता. इतका चालला, की वकील म्हातारे झाले आणि त्यांची पोरं त्याच दाव्यावर वकिली शिकली. तारखेला दोघं एकाच एसटीनं यायचे, एकाच बाकावर बसायचे आणि चकार शब्द बोलायचे नाहीत. मग पाणी आलं आणि ना वादीचं ऐकलं ना प्रतिवादीचं, भिंत गिळून बसलं.

"निकाल लागल्याबिगर त्या माळावर पाय ठेवायचा नाय," आप्पांनी शपथ घेतली. घेतली खरी, पण संध्याकाळी फाटकाशी उभे राहून पैठणच्या बाजूला बघत राहायचे.

त्याच सुमारास वडिलांनी गुलमंडीतून आम्हा भावंडांसाठी प्लास्टिकच्या विटांचा डबा आणला. लाल, पांढऱ्या, एकमेकींत खटकन बसणाऱ्या. आम्ही मोटार केली, राजवाडा केला, विमान केलं. आप्पा खाटेवरून बघत होते. एक दिवस त्यांना राहवेना. "असलं इमान आसतंय व्हय? सरका तिकडं." असं म्हणून ते फरशीवर मांडी घालून बसले, ते उठलेच नाहीत. चहा तिथं, जेवण तिथं. बघता बघता बैठकीत त्यांचं बुडालेलं गाव वर आलं. वेस आली, मारुती आला, पिराचा दर्गा आला. विटा संपल्यावर काडेपेट्या लागल्या, काडेपेट्या संपल्यावर आईचे मसाल्याचे डबे. फोडणीला मोहरी हवी असली की आईला चावडीत हात घालावा लागे. लाल विटा मात्र आप्पांनी सगळ्याच्या सगळ्या एका भिंतीला घातल्या.

"आप्पा, आमच्या विटा द्या ना," आम्ही रडकुंडीला येऊन म्हणायचो.

"थांबा रं. आधी गावाचं पुनर्वसन हू द्या, मग खेळा."

अशात आण्णांच्या डोळ्याचं ऑपरेशन निघालं. आई त्यांचीही पुतणीच, तिनं त्यांना दवाखान्यातून थेट घरी आणलं. आप्पांनी खाटेवर तोंड फिरवलं. आण्णा एका डोळ्याला पट्टी लावून बैठकीत आले आणि उरलेल्या डोळ्यानं गाव बघत राहिले. सगळ्या गावाभोवती एक फेरी मारली. मग वाकले, एका बोटानं लाल भिंत आप्पांच्या घरात ढकलली आणि चहाला गेले.

आप्पा अंघोळ करून आले. त्यांना बघायचीही गरज पडली नाही, वासच आला असावा. त्यांनी भिंत परत सारली. आण्णांनी पुन्हा ढकलली. हे मुकं युद्ध चांगलं दोन-तीन दिवस चाललं. शेवटी आप्पांचा बांध फुटला.

"ए एकडोळ्या! भिंतीला हात लावू नगंस!"

"तुला दोन डोळ्यांनी तरी कवा खरं दिसलं रे?"

असा आरडाओरडा झाला, की मारामारी सोडवायला शेजारी धावत आले. तोवर हे दोघं भिंत सोडून चिंचेवर पोचले होते.

"चिंच विहिरीच्या डाव्या अंगाला व्हती."

"डाव्या अंगाला तू पडला व्हतास, चिंचा चोरताना!"

आणि दोघंही असे हसले, की दर्ग्याचा घुमट, म्हणजे जिऱ्याच्या डब्याचं झाकण, घरंगळत मोरीत गेलं.

पट्टी निघाली आणि आण्णा पहाटेच्या एसटीनं गेले. आप्पा उठून बैठकीत आले आणि त्यांनी बोंब ठोकली. लाल भिंत गायब!

"भिंत पळवली! आख्खी भिंत पळवली भाड्यानं!"

आम्हीही भोकाड पसरलं, कारण विटा आमच्या होत्या. आप्पांनी पटका बांधला, काठी उचलली. शपथेची आठवण करून द्यायची आईला हिंमत झाली नाही. "आत्ता घेऊन येतो," म्हणून ते स्टँडवर गेले, ते परत आलेच नाहीत.

सुट्टीत आम्ही गेलो, तर माळावरच्या ओट्यावर दोघं बसलेले. मध्ये लाल भिंत, अलीकडं एक चहाचा कप, पलीकडं एक. आम्ही विटा मागितल्या. दोघं एका सुरात म्हणाले, "दावा चालू हाय. निकाल लागला की देतो." आणि निकाल लागू नये याची दोघांनीही डोळ्यांत तेल घालून काळजी घेतली.

काही वर्षांनी आप्पांनी अंथरूण धरलं. आम्ही सगळे जमलो. त्यांची वाचा गेल्यासारखीच होती. आण्णा उशाशी बसून बराच वेळ हातातली टोपी फिरवत राहिले. मग खाकरून म्हणाले, "आयक. भिंत तुझ्याच जागेत व्हती. झालं समाधान?"

आप्पांनी डोळे उघडले.

"खोटं बोलू नगंस," ते म्हणाले. "चार बोटं मीच पुढं आलतो. मला ठावं व्हतं."

आण्णा ताडकन उठले. "आयकलं का समद्यांनी? कबूल केलं! यानं कबूल केलं!" सगळ्या माळाला ऐकू जाईल असे ते ओरडले. आणि मग मटकन खाली बसून असे रडले, की दावा तेच हरलेत असं कुणालाही वाटावं.