कोऱ्या चकतीभोवतीचं वर्तुळ

प्रयोगशाळेत तिला सगळे मावशीच म्हणत. सव्वीस वर्षं काचेच्या बशा धुऊन तिच्या हातांना साबणाचा वास कायमचा चिकटला होता. गेले पाच महिने ती एका संशोधक मुलीसाठी औषधी मुळं कुटत होती. "ही मुळं आणि माझा नवरा, दोघं सारखेच चिवट," ती म्हणे. दोन तास खलबत्ता चालवावा तेव्हा कुठे मूठभर भुकटी पडे. खांदे भरून येत.

मुलगी ती भुकटी स्पिरिटमध्ये भिजवी, अर्क कागदी चकतीवर घाली आणि चकती जंतूंच्या बशीत ठेवी. अर्कात दम असला, तर चकतीभोवती जंतू वाढत नसत, स्वच्छ वर्तुळ उरे.

एका सकाळी मुलगी ओरडलीच, "मावशी, बघा! केवढं मोठं!" आणि सरांना बोलवायला निघाली.

मावशीच्या मनात आशा जागी झाली. घरी नवऱ्याच्या पायाची जखम चार महिने भरत नव्हती, आणि दवाखान्याचं नाव काढलं की तो कूस बदले. मुळाचं औषध येतंय, असं तिनंच त्याला सांगून ठेवलं होतं. हा अर्क चमचाभर मिळाला तर?

तेवढ्यात तिची नजर तुलनेसाठी ठेवलेल्या कडेच्या कोऱ्या चकतीवर गेली. तिच्यावर मुळाचा अर्क नव्हता, नुसतं स्पिरिट होतं. तिच्याभोवतीही तेवढंच वर्तुळ!

गप्प बसावं, असं क्षणभर वाटलं. पण जीभ राहिना.

"थांब गं पोरी. ही कोरीच ना? मग हिला कसं वर्तुळ?"

मुलगी परत फिरली, बशी उजेडात धरून स्टुलावर बसली. "स्पिरिट वाळलंच नव्हतं. जंतू त्यानंच मेले असतील. सगळं पाण्यात गेलं, मावशी."

"चकत्या नीट वाळव. मी कुटते परत."

दहा दिवसांनी कोरी चकती कोरीच राहिली, भोवती वर्तुळ नाही. अर्काच्या चकतीभोवती नखाएवढी स्वच्छ कड दिसली. "आहे, पण बेताचं," सर म्हणाले, आणि मुलीनं तसंच लिहिलं.

संध्याकाळी मावशीनं नवऱ्याला सांगितलं, "उद्या दवाखाना."

"तूच म्हणत होतीस ना, मुळाचं औषध येतंय?"

"म्हणत होते. चुकले. चपला घालून तयार राहा."

दुसऱ्या दिवशी तीन तास रांगेत बसून तिची पाठ मोडली. डॉक्टर म्हणाले, "फार उशीर केलात." तरी पाय वाचला, जखम भरायला मात्र अडीच महिने लागले.