खिडकीवरची तिसरी सही

कपड्यांच्या कारखान्यात ती शर्टांना काजं करायची, म्हणून सगळ्या तिला काजबाईच म्हणत. दिवसाला आठशे काजं, आणि एकही तिरकं नाही. बोलणंही तसंच, सरळ आणि नेमकं. त्यामुळे सुपरवायझर तिच्याशी जपून बोले आणि सासू तर बोलतच नसे.

तिसऱ्या बाळंतपणाला तीस दिवस उरले होते. आधीची दोन्ही सिझेरियन, हेही तसंच, तारीख ठरलेली. त्याच वेळी मूल न होण्याचं ऑपरेशनही उरकून घ्यायचं, म्हणजे पुन्हा पोट फाडायला नको. सरकारी विमा खर्च देणार होता, पण नियम असा की संमतीच्या फॉर्मवर कारकुनासमोर सही होऊन निदान तीस दिवस झालेले हवेत. बाईला विचार बदलायला वेळ मिळावा, म्हणून. नियम चांगलाच होता. मात्र फॉर्म चुकला की विमा ऑपरेशनचे पैसे देत नसे आणि डॉक्टरची फीही नाही. फॉर्म आजच जायला हवा होता.

घोडं अडलं होतं दवाखान्याच्या खिडकीवर बसणाऱ्या कारकुनापाशी. या गृहस्थांनी पदरमोड करून एक रबरी शिक्का बनवून घेतला होता: 'पतीची संमती', आणि खाली सहीपुरती रेघ. फॉर्मवर अशी जागाच नव्हती. तरी वीस वर्षं ते तो मारत आले होते, आणि बायका निमूटपणे परत जाऊन नवऱ्याला घेऊन येत होत्या, नाहीतर पुन्हा येतच नव्हत्या. झारीतले शुक्राचार्य म्हणतात ते हेच. काजबाईला त्यांनी दोनदा परत पाठवलं होतं.

या खेपेला नवरा सोबत आला. गरीब स्वभावाचा माणूस, टेम्पो चालवायचा.

"अगं, मी करतो ना सही. पाण्यात राहून माशाशी वैर कशाला? माझं काय जातंय?"

"तुझं काहीच जात नाही," ती म्हणाली. "माझ्या शेजारच्या मशीनवरचीला याच खिडकीवरून परत पाठवलं. तिचा नवरा सही देईना. आता पाचवं आहे तिला. तू बस तिकडे."

तो बाकावर जाऊन बसला.

कारकुनांनी शिक्का उचलला, तशी तिनं फॉर्मवर तळहात ठेवला.

"मागच्या बाजूला बारीक अक्षरांत लिहिलंय. जिचं ऑपरेशन तिची सही, आणि डॉक्टरची. तिसरी कुणाची नको. वाचून दाखवू?"

"नियम आम्हाला शिकवू नका."

"बरं. मग फॉर्म घेत नाही असं लिहून द्या. कुठल्या नियमानं, तेही लिहा. आणि खाली तुमची सही."

असं लिहून मागणारी त्यांना आजवर भेटली नव्हती. ते घड्याळाकडे पाहू लागले. खिडकी एकला बंद होई, एकला दहा मिनिटं कमी होती. नुसता वेळ काढायचा त्यांचा डाव तिनं ओळखला. तिकडे नवरा पेन काढून उभा राहिला. एका सहीत सगळं मिटलं असतं. तिनं मानेनंच नाही म्हटलं. कुणी याला आडमुठेपणा म्हणेल. मी म्हणणार नाही.

"डॉक्टरीणबाईंना बोलवा," ती मोठ्यानं म्हणाली. "फी त्यांचीही अडकलीय."

डॉक्टरीणबाई शेजारच्याच खोलीतून आल्या. फॉर्म उलटा करून त्यांनी तो उभ्या उभ्या वाचला.

"इतकी वर्षं मी ही बाजू वाचलीच नाही," त्या म्हणाल्या. त्यांना लाज वाटली होती, आणि वाटायलाच हवी होती. मग कारकुनांना म्हणाल्या, "यांची सही घ्या आणि तारखेचा शिक्का मारा. तो दुसरा नको."

काजबाईनं सही केली. पुढे ऑपरेशन ठरल्या दिवशी झालं आणि विम्यानं सगळं दिलं. पण त्या दिवशी पोच हातात आल्यावरही ती खिडकीवरून हलली नाही.

"आता काय राहिलं?" कारकुनांनी विचारलं.

"आणखी चार कोरे फॉर्म द्या."

"कशाला?"

"आमच्या मशीनच्या लायनीत चौघी आहेत. त्यांचे नवरे येणार नाहीत."