टाईलला भोक पाडायचं नाही

तुमची आई संडासातून उठताना कशाला धरते, हे तुम्ही कधी पाहिलंय?

माझी आई नळाला धरायची. नळ भिंतीतून हलायला लागला तेव्हा आम्हाला ते कळलं.

पारनेर तालुक्यातल्या आमच्या गावी आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, घर नवं केलं. संडास-बाथरूम एकत्र केलं आणि त्याला जमिनीपासून छतापर्यंत पोर्सिलेनच्या टाईल लावल्या. पांढऱ्याशुभ्र, त्यावर राखाडी शिरा. जन्मभर विहिरीवरच्या दगडावर अंघोळ केलेल्या माणसाची ती हौस होती आणि त्या हौसेवर माझा राग नाही. पाहुणे आले की चहाच्या आधी त्यांना बाथरूम दाखवलं जायचं. राग आहे तो त्या बाथरूमच्या कायद्यावर. टाईलला भोक पाडायचं नाही. फुटली तर तसली परत मिळत नाही. म्हणून टॉवेल दाराच्या खिळ्याला, साबण फरशीवर आणि गुडघे गेलेली आई नळाच्या भरवशावर.

नळ ढिला झाल्यावर आईनं पाणी पिणं कमी केलं. कुणाला बोलली नाही. दुपारचा चहा सोडला. जेवण झालं की तांब्याकडे बघायची आणि पदरानं तोंड पुसायची. मी नागापूरच्या कारखान्यात पॅकिंगला आहे. सुट्टीला घरी आले तर ती लघवीच्या जळजळीनं बेजार होती. डॉक्टरांनी विचारलं, "आजी, पाणी पीत नाही का?"

"पिऊन जायचं कुठं?" आई म्हणाली.

आप्पा शेजारीच बसले होते. ज्यांनी उभ्या आयुष्यात गावाच्या पाण्याच्या लढ्यासाठी पत्रकं काढली, आठवडे बाजारात उभं राहून वाटली, ते आप्पा. मी त्या पत्रकांवरच वाढले. उरलेल्या गठ्ठ्यांच्या पाठकोऱ्या बाजूला मी बाराखडी गिरवली आणि वर छापलेलंही वाचलं. मला वाटायचं, ते सगळ्यांसाठी लिहिलंय. आईसाठीसुद्धा.

भिंतीला स्टीलचा दांडा बसवायचा, एवढंच काम होतं. आप्पा तडजोडीवर आले, चिकटवायचं हँडल आणलं. चौथ्या दिवशी ते आईच्या हातात आलं आणि ती खाली बसली. नशीब, हाड मोडलं नाही. आप्पांनी तिला उचललं, लागलं का विचारलं आणि मग फडकं घेऊन टाईलवरचा गोंद पुसत बसले.

त्या फडक्याकडे बघताना माझं ठरलं.

पारनेरच्या हार्डवेअरच्या दुकानात मी ड्रिलला लावायचं डायमंड बिट मागितलं. दुकानदार म्हणाला, "ताई, पोर्सिलेन हाय. लई टणक. कोण पाडनार भोक?"

"मी."

"घरी गडी मानूस न्हाई का?"

"आहे. तो टाईल राखत बसलाय."

दुकानदार हसला, पण बिट दिलं.

कारखान्यातल्या मेंटेनन्सवाल्याकडून मी बॅटरीवरची ड्रिल मागून आणली होती. पोटमाळ्यावर कापून उरलेल्या अर्ध्यामुर्ध्या टाईल होत्या. खाली जुन्या पत्रकांचा गठ्ठा अंथरला, वर टाईल ठेवली आणि हात बसवला. पहिलीवर चुकून ड्रिलची ठोके मारायची कळ चालू राहिली. टाईल काचेसारखी तडकली. दुसरीवर मी पाणी न सोडता घाई केली. जळका वास आला आणि बिटाचं तोंड गुळगुळीत झालं. नवं बिट आणून तिसरीवर सावकाश गेले, तेव्हा भोक गोल आणि स्वच्छ पडलं.

आईला कमोडवर बसवलं. म्हटलं, उठताना हात कुठं जातो ते दाखव. तिनं जिथं पंजा टेकवला, तिथं मी कागदी चिकटपट्टी लावून खुणा केल्या. नुसत्या टाईलवर बिट घसरतं, पट्टीवर पकडतं.

आप्पा दारात आले. "माझ्या घरात मला न विचारता भोक पाडायचं न्हाई."

"आप्पा, आधी परवानगी घ्या आणि मग लढा, हे तुमच्या कुठल्या पत्रकात आहे?"

"पत्रकाचं इथं काय काम?"

"तेच विचारतेय. इथं का नाही?"

आई बसल्या जागेवरून म्हणाली, "तुमच्या दोघांची सभा आटपली की मला उठवा. पाडू द्या हो तिला. मी काय त्या टाईलीशी लगीन लावलंय व्हय?"

तिला बाहेर खुर्चीवर बसवलं आणि मी ड्रिल उचलली. बिट आधी तिरकं टेकवलं, चंद्रकोरीएवढी खाच पडू दिली, मग हळूहळू सरळ केलं. वेग कमी, ठोका बंद. झाकणाला छिद्र पाडलेल्या बाटलीतून बिटावर पाणी सोडत राहिले. टाईलच्या भुकटीचं पांढरं दूध भिंतीवरून ओघळत होतं. टाईल पार झाली की आवाज बदलतो, जाड होतो. मग पुढच्या विटेसाठी भिंतीचं बिट लावलं. शेवटच्या भोकाच्या कडेला नखाएवढा कपचा उडाला. आप्पा ताडकन म्हणाले, "उडाला बघ."

"उडाला. पाडणार पुढचं, लागलं तर."

दांडा कसल्यावर मी आधी स्वतः त्याला लोंबकळले. मग आई आली. बसली, उठली. पुन्हा बसली, नुसतं उठायला. बाहेर येऊन म्हणाली, "तांब्या भरून आन गं." आणि उभ्या उभ्या घटाघटा प्याली.

आप्पा अजून त्या कपच्याबद्दल बोलतात. बोलू देत. मी ती जागा पांढऱ्या सिमेंटनं बुजवणार नाही. पाहुण्यांना बाथरूम दाखवायचंच असेल तर तीही दिसली पाहिजे.

आता तुमच्याकडे एक मागणं आहे. आज घरी तुमच्या बाथरूममध्ये बसा आणि हात छातीशी बांधून उठून बघा. मग घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा, तुमचा हात कुठं जातो? त्या जागी चिकटपट्टी लावा. आणि भिंत कितीही महागाची असो, या आठवड्यात तिथं भोक पाडा.