बदल्यांच्या बदल्यात

शिक्षक संघटनेच्या अध्यक्षपदी चित्रकलेच्या बाई निवडून आल्या, त्या संध्याकाळी गणिताचे सर घरी बायकोला म्हणाले, "आता संघटना पानाफुलांची नक्षी काढत बसणार."

सरांना सगळे तोफ म्हणत. भाषणाला त्यांना माइक लागत नसे. यंदा अध्यक्षपद आपलंच, असं ते धरून चालले होते. पण त्यांचा गट आणि जुन्या अध्यक्षांचा गट एकमेकांना पाण्यात पाहत. त्या रस्सीखेचीत कुणाच्या अध्यात-मध्यात नसलेल्या बाई अध्यक्ष झाल्या आणि तोफेच्या वाट्याला चिटणीसपद आलं.

पहिल्याच बैठकीत सरांनी विचारलं, आधी काय हातात घ्यायचं? पगारवाढ, बदल्या, की शाळेबाहेरची सरकारी कामं? बाई म्हणाल्या, ते मला कुठे ठाऊक, विचारून येऊ या.

मग शाळा सुटल्यावर दोघं गावोगावच्या शाळांतून हिंडू लागले. बाईंना एका कानानं कमी ऐकू यायचं. त्या खुर्ची ओढून अगदी समोर बसत आणि बोलणाऱ्याच्या ओठांकडे बघत राहत. कुणी आपलं इतकं मन लावून ऐकतंय म्हटल्यावर माणसं आधी बदल्यांचं रडगाणं गात, आणि ते संपलं की मनातलं बोलत.

शेवटी सरांच्या स्वतःच्या शाळेची पाळी आली. तिथे नकाशे ठेवायच्या खोलीत एक कंत्राटी शिक्षिका वह्या तपासत बसली होती. शिक्षकांच्या खोलीत तिला खुर्चीच नव्हती. दर सुट्टीत तिची नोकरी संपायची आणि शाळा उघडली की पुन्हा सुरू व्हायची. बाळंतपणाच्या आदल्या दिवशीही तिनं तास घेतले होते. रजा मागितली असती तर परत कुणी बोलावलं नसतं, असं ती अगदी सहज सांगून गेली. सरांना वाटायचं, हिला एकटीला बसायला आवडतं. आता त्यांची त्यांनाच लाज वाटली.

कंत्राटी शिक्षकांना कायम करा, ही पहिली मागणी ठरली आणि कुरबुर सुरू झाली. ते तर आपले सभासदही नाहीत. घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं, असं जुने लोक म्हणू लागले.

थोड्याच दिवसांत शिक्षणाधिकाऱ्यांनी दोघांना बोलावलं. सगळ्यांची झोप उडवणाऱ्या बदल्या रद्द करायला साहेब तयार होते. फक्त कंत्राटी लोकांसाठी संघटना काही मागणार नाही, असं लिहून द्यायचं. मग ते आवाज खाली आणून म्हणाले, "बाई, डोंगरापलीकडच्या शाळेसाठी तुमचंच नाव आहे. सासूबाई अंथरुणाला खिळल्यात ना तुमच्या?"

"उत्तर सभासद देतील, साहेब," बाई म्हणाल्या आणि उठल्या.

जिन्यात सरांना राहवेना. हातचं सोडून पळत्याच्या पाठी कशाला लागायचं, असं त्यांनी परोपरीनं सांगून पाहिलं.

"मग सभेत तुम्हीच हे मांडा. घेण्यासारखं का आहे, ते नीट पटवून द्या," बाई म्हणाल्या. "माझ्या बदलीचं मात्र काढू नका."

"का म्हणून?"

"लोक माझी कीव करून हात वर करतील. मला तसा कौल नको."

सर तिथेच कठड्याला धरून उभे राहिले. इतकी वर्षं संघटनेत काढूनही असं माणूस त्यांनी पाहिलं नव्हतं.

सभेला बाईंनी कंत्राटी शिक्षकांनाही बोलावलं होतं. ज्यांच्याबद्दल ठरवायचं ते त्यांच्यासमोरच ठरवू, एवढंच त्या म्हणाल्या. सर बोलले, आणि प्रामाणिकपणे बोलले. अर्ध्या सभागृहानं माना डोलावल्या. मग बाईंनी आपल्या भाषणाचा वेळ नकाशांच्या खोलीतल्या शिक्षिकेला दिला.

"बदल्या थांबवून घ्या," ती म्हणाली. "तुमच्याही घरी लेकरंबाळं आहेत. फक्त आमच्यासाठी कधीच काही मागणार नाही, असं लिहून देऊ नका. मागायची वाट तेवढी उघडी असू दे."

बाईंनी कौल मागितला. साहेबांच्या बाजूनं काही हात वर झाले, आजूबाजूला पाहून त्यांतलेही काही खाली आले. प्रस्ताव मांडणाऱ्या सरांचा हात मांडीवरून हललाच नाही. बाईंचा चेहरा होता तसाच होता. स्वतःच्या घराची घडी मोडणारा निकाल त्यांनी स्वच्छ आवाजात वाचून दाखवला.

बदल्या झाल्या. बाई सासूबाईंना घेऊन डोंगरापलीकडे गेल्या. पण सगळे कंत्राटी शिक्षक संघटनेत आले, आणि पुढच्या वर्षी कायम आणि कंत्राटी सगळेच मिळून संपावर गेले तेव्हा एकही वर्ग भरला नाही. साहेबांना नमावं लागलं. सुट्टीतला पगार आणि बाळंतपणाची रजा मिळाली. कायम नोकरी मात्र नाही.

ही बातमी सांगायला सर स्वतः गेले. बाई ओसरीत सासूबाईंना भरवत होत्या. त्यांनी सगळं ऐकलं, म्हातारीचं तोंड पुसलं आणि विचारलं, "त्या मुलीला खुर्ची दिलीत का?"

"दिली. माझ्या शेजारीच बसते."

"छान. आता कायम कसं करून घ्यायचं, ते बोलू या," असं म्हणून बाईंनी सरांपुढे पाट सरकवला.